पोलिसांपुढची कबुली आणि कायद्याचा अविश्वास

एखादा गाजलेला गुन्हा घडला की आठवड्याभरात एक ठरावीक बातमी वाचावयास मिळते. ‘आरोपीने पोलिसांपुढे गुन्ह्याची कबुली दिली’ असा तिचा मथळा असतो. बुरखा घातलेल्या आरोपीचे छायाचित्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंस उभे असलेले तपास अधिकारी पाहून वाचकाच्या मनातला खटला तेथेच निकालात निघतो. पुढे चार-सहा वर्षांनी तोच आरोपी ‘पुराव्याअभावी निर्दोष’ सुटल्याची चार ओळींची बातमी आतल्या पानावर येते, आणि शाळेच्या शिक्षकदालनात किंवा कचेरीतील चहाच्या वेळी हमखास प्रश्न निघतो : अहो, त्याने तर कबूल केले होते, मग तो सुटला कसा?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने एका ओळीत देऊन ठेवले आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे हे पंचविसावे कलम. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, जुनी तीन कलमे एकत्र येऊन तेविसावे कलम झाले, परंतु नियम शब्दशः तोच राहिला. नियमाची व्याप्तीही मोठी आहे. कबुली खरी वाटली तर घ्यावी, खोटी वाटली तर टाकावी, असा विवेक येथे न्यायाधीशाला दिलेला नाही. ती खरी की खोटी हा प्रश्नच न्यायालयापुढे येऊ द्यावयाचा नाही. आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना त्याने एखाद्या त्रयस्थ माणसापुढे गुन्हा कबूल केला, तर तीही कबुली बाद होते. अपवाद फक्त प्रत्यक्ष न्यायदंडाधिकारी समोर हजर असण्याचा.

ज्या राज्यकर्त्यांनी हा देश पोलिसांच्या बळावर ताब्यात ठेवला, त्यांनीच आपल्या पोलिसांवर एवढा अविश्वास कायद्यात लिहून ठेवावा, याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. त्यामागे इतिहास आहे. मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८५५ साली बाहेर आला. शेतसारा वसूल करताना आणि गुन्ह्यांचा तपास करताना सरकारी नोकर रयतेचे काय हाल करतात, याचा तो सरकारच्याच शिक्क्याचा दाखला होता. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढच्या कबुलीवर बंदी आली ती या पार्श्वभूमीवर. अकरा वर्षांनी जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुरावा कायद्याचा मसुदा केला, तेव्हा तीच कलमे त्यांनी तिकडून उचलून इकडे आणली. हिंदुस्थानातील पोलीस संशयिताला का छळतात, याचे एका अनुभवी अधिकाऱ्याने स्टीफन यांना दिलेले स्पष्टीकरण मोठे मार्मिक आहे. त्याच्या मते मूळ कारण क्रौर्याहून अधिक आळसाचे होते. उन्हातान्हात हिंडून पुरावा गोळा करण्यापेक्षा सावलीत बसून एका गरिबाकडून तो वदवून घेणे सोपे. दीडशे वर्षांत उन्हाचे आणि सावलीचे हे गणित फारसे बदलले आहे, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

रखवालदार आणि उपायुक्त

नियमाचे स्वरूप समजण्यासाठी महाराष्ट्राला परिचित असलेला एक खटला घेऊ. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर नानावटी यांनी मुंबईत आपल्या पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या आणि नंतर ते स्वतः पोलीस उपायुक्तांकडे जाऊन हजर झाले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले, मुंबई उच्च न्यायालयाने तो कौल बाजूला सारून त्यांना दोषी धरले आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही ती बाब अशी : घटनेनंतर इमारतीतून बाहेर पडताना नानावटी तेथील रखवालदारापाशी जे बोलले, ते साक्षीत आले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते विचारात घेतले. तेच शब्द उपायुक्तांपुढे उच्चारलेले असतील, तर ते कबुली म्हणून न्यायालयाच्या उंबरठ्याच्या आत येऊ शकत नाहीत. रखवालदाराचा शब्द चालतो आणि उपायुक्ताचा चालत नाही, हे कोणाला विचित्र वाटेल. परंतु रखवालदाराच्या हाती कोठडीची किल्ली नसते. तो कोणाला रात्रभर उभा करू शकत नाही. कायद्याचा अविश्वास व्यक्तीच्या हुद्द्यावर नसून त्या किल्लीवर आहे.

मग खरोखर पश्चात्ताप झालेल्या आरोपीने करावे काय? त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे कबुली देता येते. तेथे दंडाधिकाऱ्याने त्याला प्रथम बजावावे लागते की, कबुली देण्याचे बंधन तुझ्यावर नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. कबुली स्वेच्छेची आहे अशी खात्री पटल्याखेरीज ती लिहून घ्यावयाची नाही. विचार करण्यास सर्वसाधारणपणे निदान चोवीस तासांचा अवधी द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगितले आहे. आणि आता नाही म्हणालास तरी तुला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात देणार नाही, ही हमीही हवी. कारण त्याच्याशिवाय चोवीस तासांना काही अर्थ उरत नाही. एवढी पथ्ये पाळून घेतलेली कबुलीही आरोपीने नंतर नाकारली, तर केवळ तिच्यावर विसंबून शिक्षा देण्यास न्यायालये कचरतात. दुसरा दुजोरा शोधतात.

सत्ताविसावे कलम

येथवरचे सारे चित्र आरोपीच्या बाजूचे दिसते. परंतु या भक्कम भिंतीला एक दार आहे, आणि आपल्या फौजदारी न्यायालयांतील निम्मी वादावादी त्या दारात चालते. जुन्या कायद्याचे हे सत्ताविसावे कलम. नव्या अधिनियमात ते तेविसाव्या कलमाला परंतुक म्हणून जोडले आहे. ताब्यातील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली, तर त्या माहितीचा जेवढा भाग त्या शोधाशी स्पष्टपणे निगडित असेल तेवढा पुराव्यात घेता येतो. तर्क असा की, माहितीप्रमाणे वस्तू सापडली म्हणजे माहिती खरी असल्याची हमी त्या वस्तूनेच दिली.

‘तेवढा’ म्हणजे किती, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर आजही ज्या निवाड्यात शोधले जाते तो १९४७ च्या निवाडसंग्रहातला, पुलुकुरी कोटय्या खटल्याचा. प्रकरण आंध्रातील गुंटूर भागातले. निर्णय प्रिव्ही कौन्सिलचा. आणि तो लिहिणारे न्यायाधीश सर जॉन बोमाँ, म्हणजे त्यापूर्वी तेरा वर्षे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले गृहस्थ. आरोपीने पोलिसांना सांगितले होते की, आम्ही दबा धरून बसलो, अमुक-अमुकांना मारले आणि भाला गवताच्या गंजीत लपविला, चला दाखवितो. सरकारपक्षाचे म्हणणे असे की, भाला सापडला, तेव्हा सारे निवेदन पुराव्यात यावे. बोमाँ यांनी ते मानले नाही. आरोपी छपरात दडविलेला सुरा काढून देतो, तेव्हा जगाला सुऱ्याचा शोध लागत नाही. सुरे फार पूर्वीच शोधले गेलेले आहेत. कळते ते इतकेच की, सुरा अमुक जागी दडविलेला आहे आणि हे या माणसाला ठाऊक होते. ‘याच सुऱ्याने मी खून केला’ हे शब्द त्या शोधाशी निगडित नाहीत. ते गाळले पाहिजेत. सुरा गुन्ह्यात वापरला गेला होता, हे सरकारपक्षाने रक्ताच्या तपासणीने किंवा इतर साक्षींनी वेगळे सिद्ध करावे.

हा भेद कितीही सूक्ष्म असला, तरी पोलीस ठाण्यातील कागदावर तो फार स्थूल रूपाने उतरतो. ज्यांनी फौजदारी खटल्यांचे कागद चाळले आहेत, त्यांना ते वाक्य पाठ असेल : ‘माझ्यासोबत आल्यास मी लपवून ठेवलेले हत्यार काढून देतो.’ जिल्हा कोणताही असो, आरोपी पदवीधर असो की निरक्षर, निवेदन पंचनाम्यातील त्याची भाषा एकच. रामपूरच्या आरोपीला आणि रत्नागिरीच्या आरोपीला एकाच वळणाचे मराठी कसे सुचते, हा प्रश्न न्यायालयांनाही पडू लागला आहे. निवेदन पंचांच्या देखत व्हावे, आधी पंचांना ठाण्यावर बोलवावे आणि आरोपीचे शब्द त्याच्याच भाषेत नोंदवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पुन्हा एकदा बजावले ते यासाठीच.

पंच म्हणून आपण

या ठिकाणी विषय वाचकाच्या घराशी येऊन पोचतो. झडतीसाठी त्या भागातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी बोलवावे, असे कायदा म्हणतो. आरोपीच्या निवेदनासाठी पंच हवेतच असे पुरावा कायद्यात लिहिलेले नाही. परंतु तपासाची रीत तशी आहे, आणि ती चांगली आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात तर पंच म्हणून बहुधा सरकारी नोकरच नेले जातात. अँथ्रासीन पावडर लावलेल्या नोटा आणि त्या हाताळणाऱ्या बोटांवर जंबुपार किरणांच्या दिव्याखाली उमटणारी निळसर चमक अनेक कारकुनांनी प्रत्यक्ष पाहिलेली असेल.

परंतु ठाण्यातून बोलावणे आले की प्रतिष्ठित रहिवाशाला अचानक परगावी जावे लागते. कारण उघड आहे : उद्या न्यायालयाच्या खेपा, उलटतपासणीत होणारी शोभा, आरोपीच्या माणसांचा रोष. लेखी हुकूम असूनही विनाकारण नकार देणे हा गुन्हा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते, आणि पोलीसही त्या कलमाच्या वाटेला सहसा जात नाहीत. ते ठाण्यासमोरच्या टपरीवरचा माणूस उचलतात. दहा खटल्यांत तोच माणूस पंच म्हणून सही करतो. पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात आरोपीचा वकील त्याला विचारतो की, आपण आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या. आणि खरोखर घडलेली जप्तीही त्या एका उत्तराबरोबर कोसळते. काही वेळा पंच फितूर होतो आणि सांगतो की, कागद आधीच लिहिलेला होता, मी फक्त सही केली. हे खोटे असू शकते, तसेच खरेही असू शकते. न्यायालयाला दोहोंतील फरक कळण्यास साधन उरत नाही. खुनी सुटला म्हणून हळहळणाऱ्या सुशिक्षितांपैकी कितीजण आयुष्यात एकदा तरी पंच म्हणून उभे राहिले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट : पंचनाम्यावर पंचाने सही करावयाची असते, ती वाचून, मात्र तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर त्याची सही घेण्यास कायद्याची मनाई आहे, आणि तो जबाब मुख्यतः त्याची नंतरची साक्ष खोडून काढण्यापुरताच उपयोगी पडतो.

संशयाचा फायदा

आरोपीला असलेल्या या संरक्षणांवर होणारा आक्षेप गंभीर आहे आणि तो केवळ भाबड्या संतापाचा नाही. न्या. कृष्ण अय्यर यांच्याइतक्या आरोपीच्या हक्कांविषयी जागरूक न्यायाधीशाने १९७३ साली, महाराष्ट्रातीलच शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात, संशयाच्या फायद्याचे स्तोम माजविण्याविरुद्ध इशारा दिला. प्रत्येक बारीकसारीक शंकेवर अपराध्यांना सोडत गेल्यास लोकांचा न्यायावरील विश्वास उडतो आणि मग ते अधिक कठोर कायदे मागू लागतात, हे त्यांचे निरीक्षण होते. तथापि त्याच निकालात त्यांनी असेही सांगितले की, आरोपी दोषी ‘असू शकेल’ आणि तो दोषी ‘असलाच पाहिजे’ यांत मोठे अंतर आहे. या विधानाचा आधार घेऊन १९८४ साली न्या. फजल अली यांनी पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे मांडली. वकील त्यांना पंचशील म्हणतात. पुराव्याची साखळी अशी पूर्ण हवी की आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळणारा दुसरा कोणताही वाजवी तर्क शिल्लक राहू नये. पुण्याच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने फाशी दिलेला आरोपी त्या कसोटीवर सुटला. पत्नीचा मृत्यू हा खून की आत्महत्या, हेच तेथे निश्चित होत नव्हते.

ही कसोटी कोणासाठी आहे, हे पाहावयाचे तर नाशिक जिल्ह्याकडे वळावे. जून २००३ मध्ये तेथे एका शेतवस्तीवर दरोडा पडला. खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतील सहा जणांना अटक झाली. सहाही जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाहीजणांची फाशी पुन्हा कायम केली. पुढे पुनर्विचारात ध्यानात आले की, हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, आणि ती बाब सरकारपक्षाने दडविली होती. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाहीजणांना निर्दोष ठरविले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले आणि त्या चौघांविषयी पुढील तपासाचा आदेश दिला. सोळा वर्षे होत आली होती. तीन पायऱ्यांवरच्या न्यायासनांनी जी फाशी योग्य मानली, ती एका दडविलेल्या कागदाने उलटली. ज्यांच्या ओळखीचे कोणी नाही आणि पोलिसांच्या दृष्टीने जे जन्मतःच संशयित, अशांच्या बाबतीत कबुली मिळविणे किती सोपे असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

अपवादांची वाट

नियम कठोर असला की अपवादांची मागणी वाढते. दहशतवादविरोधी ‘टाडा’ कायद्याने १९८७ साली पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली, परंतु पाचांपैकी दोन न्यायाधीशांनी तिला विरोध नोंदविला. टाडा १९९५ मध्ये लयास गेला. २००२ चा ‘पोटा’ तसाच मार्ग घेऊन आला आणि २००४ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राचा १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरोधी ‘मकोका’ मात्र टिकला, आणि त्याच्या अठराव्या कलमाने पोलीस अधीक्षकापुढची कबुली स्वतः आरोपीविरुद्धच नव्हे, तर त्याच खटल्यातील सहआरोपींविरुद्धही चालते. मलिमठ समितीने २००३ साली हा अपवाद सर्वसाधारण नियम करावा, अशी शिफारस केली होती. २०२३ साली संसदेने नवा अधिनियम करताना ती स्वीकारली नाही, हे नोंदविण्यासारखे आहे.

अधीक्षकाच्या हुद्द्याने कबुलीला विश्वसनीयता येते काय, याची कसोटी ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल गाड्यांच्या बॉम्बस्फोट खटल्यात लागली. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते सारे निर्दोष ठरविले. कबुलीजबाबांच्या मजकुरातील विलक्षण साम्य आणि छळाच्या तक्रारी पाहता ते स्वेच्छेचे मानता येत नाहीत, असा निष्कर्ष त्यात होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे त्या न्यायालयाने २४ जुलै रोजी सांगितले, परंतु सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. जे शेकडो कुटुंबीय त्या सायंकाळी आपल्या माणसाची वाट पाहत राहिले, त्यांना एकोणीस वर्षांनंतर हाती काय आले? कबुलीवर उभारलेला खटला आरोपीइतकाच बळी गेलेल्यांवरही अन्याय करतो. कारण कबुली मिळाली की इतर पुरावा शोधण्याची निकड संपते.

कोठडीत जे घडते ते सिद्ध करणे आरोपीला जवळजवळ अशक्य असते, कारण तेथे साक्षीदार पोलीसच. चंद्रपूर जिल्ह्यातील, आजच्या गडचिरोलीतील, देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात पोलीस सुटले, तेव्हा देशभर उठलेल्या क्षोभातून १९८३ साली पुरावा कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा प्रकरणी संमती नव्हती असे गृहीत धरण्याचा नियम आला. त्याच धर्तीवर, कोठडीत असताना झालेल्या जखमा पोलिसांनीच केल्या असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ साली आपल्या एकशे तेराव्या अहवालात केली. ती कायद्यात उतरली नाही. नव्या अधिनियमातही तिला जागा मिळालेली नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचे केले आहे, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचे आहे. टपरीवरच्या पंचापेक्षा हा साक्षीदार निश्चितच बरा. परंतु त्याच संहितेने पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागण्याची मुभा दिली आहे, म्हणजे तुरुंगात गेलेला आरोपी पुन्हा ठाण्यावर आणता येतो. चित्रणाच्या कलमात जागेची झडती आहे, वस्तूची जप्ती आहे, पंचांच्या सह्या आहेत. ज्या निवेदनापासून हे सारे सुरू होते, त्या निवेदनाचा उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याचा आणि चित्रण दीर्घ काळ जपून ठेवण्याचा आदेश दिला आहे. यापुढे ज्या खटल्यात ‘माझ्यासोबत आल्यास काढून देतो’ हे वाक्य येईल, त्या खटल्यात आरोपीच्या वकिलाने आदल्या रात्रीचे ते चित्रण मागावे, आणि न्यायाधीशांनी ते न मिळण्याचे कारण लेखी विचारावे.